कडू दाण्याची खबर

भुईमुगाचे दाणे खातां खातां एखादा कडू दाणा दाढेखालीं आला कीं आपण तो थुंकून टाकतों, चूळ भरतों, आणि गुळाचा खडा तोंडांत टाकून पुन्हां वाटीकडे वळतों. ह्यांत कोणास कांहीं विशेष वाटत नाहीं. परंतु ज्या पोत्यांतून तो दाणा आपल्या घरीं आला, त्याच पोत्यांतील दाणे शेजारींही गेले असतील. त्याच खळ्यावरच्या दुसऱ्या पोत्यांतील दाण्यांचें घाण्यावर तेल निघालें असेल, आणि मागें राहिलेली पेंड एखाद्या गोठ्यांत गाईम्हशींच्या आंबोणांत मिसळली गेली असेल. आपल्या जिभेनें आपल्याला सावध केलें हें खरें. पण त्या बाकीच्यांस कोणीं सावध करावयाचें? ह्या एका प्रश्नापायीं जगांतील कित्येक सरकारांनीं पुष्कळ बुद्धि व पैसा खर्च केला आहे. त्यांपैकीं युरोपांतील राष्ट्रांनीं जी व्यवस्था बसविली आहे तिची हकीकत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या घरच्या वडील मंडळींस येथें सांगणार आहों. ती व्यवस्था दूरदेशची असली तरी तिचा एक धागा नाशिकच्या द्राक्षमळ्यापर्यंत आलेला आहे, हें पुढें दिसून येईल.

आधीं हें सांगितलें पाहिजे कीं जिभेची चौकी फारशी भरंवशाची नाहीं. शेंग, मका, सरकी, मिरची असल्या मालास काढणीच्या वेळीं किंवा साठवणींत ओल लागली म्हणजे त्यावर हिरवट पिवळी बुरशी धरते. तिच्या एका जातीचें शास्त्रीय नांव आस्परजिलस फ्लेव्हस असें असून ती जें विष तयार करते त्यास अफ्लाटॉक्सिन म्हणतात. बुरसलेल्या दाण्यांत तें असण्याचा संभव अधिक. पण ज्याची चव मुळींच बिघडलेली नाहीं अशा दाण्यांतही तें असूं शकतें, कारण ह्या विषाला स्वतःची अशी चव नाहीं आणि वासही नाहीं. साध्या शिजवण्यानें तें नाहींसें होत नाहीं. थोडें थोडें पुष्कळ दिवस पोटांत जात राहिलें तर यकृताचा कर्करोग उद्भवण्याचें भय असतें, आणि एकदम पुष्कळ गेलें तर माणूस दगावतो.

ह्या विषाची ओळख जगाला पटली ती पक्ष्यांच्या मरणानें. सन १९६० मध्यें इंग्लंडांत टर्की जातीचे पाळीव पक्षी पटापट मरूं लागले. ही संख्या एक लाखाच्या वर गेली. रोग कोणता हें कोणास कळेना, म्हणून त्यास नुसतें 'टर्की एक्स रोग' असें नांव दिलें गेलें. बीजगणितांत अज्ञात राशीला आपण ज्या अक्षरानें संबोधितों तेंच हें अक्षर. जंतु शोधले, सांपडले नाहींत. शेवटीं सर्वांचें लक्ष खाद्याकडे गेलें, आणि ब्राझील देशांतून जहाजानें आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडींत ह्या अज्ञात राशीचें उत्तर मिळालें. जनावराच्या गव्हाणींत काय पडतें ह्याची चौकशी माणसाच्या ताटाइतकीच कसोशीनें केली पाहिजे, हा विचार ह्या प्रसंगानें बळावला.

आपल्या देशांतील हकीकत याहून अधिक दुःखाची आहे. सन १९७४ च्या ऑक्टोबरांत राजस्थानांतील बांसवाडा व गुजराथेंतील पंचमहाल ह्या जिल्ह्यांत अवेळीं पाऊस झाला आणि काढणीला आलेला मका भिजला. तेथील भिल्ल लोकांचें मुख्य अन्न मका. त्यांनीं तो वाळविला, सांठविला व खाल्ला. दुसरें काय खाणार? कांहीं आठवड्यांनीं गांवोगांव लोकांस कावीळ होऊं लागली, पोटांत पाणी सांचूं लागलें. ज्या ३९७ रोग्यांची नोंद झाली त्यांपैकीं १०६ मृत्यु पावले. त्या घरांतील कुत्र्यांसही तोच विकार झाला, कारण धन्याची व कुत्र्याची भाकरी एकाच पिठाची होती. ज्या घरीं मका खात नसत तेथें मात्र हा रोग शिरला नाहीं. आम्ही जेव्हां जेव्हां ही हकीकत वाचतों तेव्हां आमच्या मनांत येतें कीं, पहिल्या गांवीं पहिलें कुत्रें मेलें त्या दिवशीं जर कोणी पुढच्या गांवीं जाऊन सांगितलें असतें, तर किती जीव वांचले असते? पण काय सांगणार, कोणास सांगणार, आणि ऐकणाऱ्यानें मका टाकून द्यावयाचा तर त्या दिवशीं चुलीवर काय ठेवावयाचें, ह्यांपैकीं एकाही गोष्टीची योजना कोणीं केलेली नव्हती.

अशी योजना युरोपांत सन १९७९ मध्यें प्रथम सुरू झाली. तिचें हल्लींचें नांव 'रॅपिड ॲलर्ट सिस्टिम फॉर फूड अँड फीड' असें आहे; म्हणजे अन्न व पशुखाद्य यांविषयींची तातडीची इशारा-व्यवस्था. नांव लांबलचक असल्यामुळें तिकडील अधिकारी आद्याक्षरें जोडून तिला रॅसफ म्हणतात व आम्हीही तसेंच म्हणूं. मूळ कल्पना फार साधी आहे. एका राष्ट्राला आपल्या बाजारांत धोक्याचा माल सांपडला, तर त्यानें तो नुसता आपल्या दारांतून बाहेर न लोटतां सर्व शेजाऱ्यांस ताबडतोब कळवावें. कल्पना साधी असली तरी तिच्याप्रमाणें वागणें साधें नाहीं. कारण तो माल आपल्याच देशांत पिकलेला किंवा आपल्याच कारखान्यांत बनलेला असला, तर कळविणें म्हणजे आपल्याच घराची बदनामी करणें होय. ही अडचण किती खरी आहे हें बेल्जम देशानें सन १९९९ मध्यें सर्वांस दाखवून दिलें.

त्या वर्षीच्या जानेवारींत, पशुखाद्यांत घालण्यासाठीं गोळा केलेल्या चरबींत विजेच्या ट्रान्सफॉर्मरमधील तेल मिसळलें गेलें. त्या तेलांत पीसीबी नांवाचीं रसायनें होतीं व त्यांबरोबर डायॉक्सिन हें भयंकर विष होतें. अशा चरबीचें सुमारें ५०० टन खाद्य तयार झालें. मागाहून झालेल्या हिशेबाप्रमाणें त्यांत डायॉक्सिन किती होतें? सगळें मिळून सुमारें एक ग्रॅम! फेब्रुवारींत कोंबड्या अंडीं कमी घालूं लागल्या; जीं घातलीं तीं नीट उबेनात; जीं पिलें बाहेर आलीं तीं सुजलेलीं व लटपटणारीं होतीं. कोंबड्यांनीं आपल्या परीनें बातमी दिली होती. एप्रिलच्या अखेरीस प्रयोगशाळेचा निर्णय हातीं आला व सरकारच्या संबंधित खात्यांस खरें काय तें कळलें. लोकांस मात्र तें मे महिन्याच्या अखेरीस कळलें. मधल्या साऱ्या दिवसांत घरोघरीं न्याहारीला तींच अंडीं होतीं.

मग जें झालें तें सांगावयास नको. दुकानांतून कोंबड्या व अंडीं उचललीं गेलीं, पाठोपाठ लोणी व अंडीं घातलेले इतर पदार्थ गेले, आणि अनेक देशांनीं बेल्जमचा माल घेण्याचें बंद केलें. शेतीचे व आरोग्याचे असे दोन मंत्री जून महिन्याच्या आरंभीं पायउतार झाले, आणि १३ जून रोजीं निवडणूक झाली तींत सरकारही गेलें. आमच्या मतें त्या सरकारचा मोठा अपराध चरबींत तेल मिसळलें जाण्याचा नव्हता; तसली भेसळ कोणत्याही राज्यांत होऊं शकते. कळल्यावर तोंड मिटून बसणें हा तो अपराध. आणि गंमत अशी कीं, व्यापाराचें नुकसान होऊं नये म्हणूनच बहुधा तोंड मिटलें जातें; येथें तर मिटल्यामुळेंच तें शतपट झालें.

ह्या व अशा इतर प्रसंगांचा परिणाम म्हणून युरोपीय संघानें सन २००२ मध्यें १७८ क्रमांकाचा कायदा केला व त्याच्या ५० व्या कलमानें रॅसफला पक्का पाया दिला. तोंपर्यंत पशुखाद्य ह्या जाळ्यांत नीटसें आलेलें नव्हतें. आतां तें माणसाच्या अन्नाच्या जोडीला बसलें. आज संघाचीं २७ राष्ट्रें आणि त्यांखेरीज नॉर्वे, आइसलंड व लिख्टेनश्टाइन हीं त्यांत सामील आहेत. स्वित्झर्लंडचाही कांहीं बाबतींत संबंध आहे. प्रत्येक राष्ट्रांत ह्या कामाचें एक ठाणें नेमलेलें असतें व तें रात्रंदिवस उघडें असतें. सर्वांचें मुख्य ठाणें ब्रुसेल्स येथें, युरोपीय आयोगाच्या कचेरींत आहे.

आलेल्या प्रत्येक बातमीची प्रतवारी होते. माल बाजारांत पोंचलेला आहे, धोका गंभीर आहे व ताबडतोब हालचाल केली पाहिजे, असें असेल तर तो 'इशारा'. तो राष्ट्राच्या ठाण्यानें ४८ तासांच्या आंत ब्रुसेल्सला कळवावा व तेथून तो २४ तासांच्या आंत सर्वांकडे जावा, असा दंडक आहे. तितकी घाई नसेल तर ती नुसती 'माहिती'. आणि माल बंदरावरच अडवून आंत येऊंच दिला नसेल तर त्यास 'सीमेवरील नकार' म्हणतात. ही बातमी देण्याचें कारण असें कीं, एका बंदरांत नाकारलेला माल दुसऱ्या बंदरांतून गुपचूप आंत शिरूं नये. सन २०२१ ह्या एकाच वर्षीं असल्या सर्व प्रकारच्या मिळून साडेचार हजारांहून अधिक बातम्या आल्या. हा आंकडा पाहून युरोपचें अन्न फार वाईट आहे असें कोणी समजूं नये. जो अधिक तपासतो त्यालाच अधिक सांपडतें. ज्या घरीं कोणी धान्य निवडतच नाहीं त्या घरीं खडेही निघत नाहींत.

परंतु नुसत्या बातमीनें काय होणार? 'मेथी वाईट आहे' असें म्हटलें तर कोणती मेथी, कोणाची, कोणत्या खेपेची? म्हणून त्याच कायद्यांत दुसरें एक कलम आहे व आमच्या मतें सगळ्या इमारतीचा भार त्यावरच आहे. अन्नाचा किंवा पशुखाद्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकानें आपण माल कोणाकडून घेतला व कोणाला दिला, एवढें लिहून ठेवलें पाहिजे. एक पायरी मागें, एक पायरी पुढें. आपल्याकडील जुन्या पेढ्यांत रोजकीर्द व खतावणी लिहीत, त्यांत उधारी कोणाकडे किती राहिली ह्यावर मालकाची नजर असे. येथें त्याच वह्यांत विष कोणाकडे किती गेलें तें शोधावयाचें, इतकाच फरक. प्रत्येकाजवळ एकेकच दुवा असतो, पण सर्वांचे दुवे जोडले कीं सांखळी तयार होते.

ही सांखळी काय करूं शकते ह्याचें उदाहरण सन २०१३ च्या मार्चांत दिसलें. आदल्या उन्हाळ्यांत आग्नेय युरोपांत पावसानें ओढ दिली होती. बुरशीला ओलच लागते असें नाहीं; उभें पीक तहानेनें खंगलें तरी ती त्यांत शिरते. सर्बिया देशांतून जर्मनींत आलेल्या ४५,००० टन मक्यांत अफ्लाटॉक्सिन निघालें, व त्यांतला १०,००० टन मका खाद्याच्या रूपानें गोठ्यांत पोंचलाही होता. गाईनें असला मका खाल्ला कीं विषाचें रूप थोडें बदलून तें दुधांत उतरतें, म्हणून येथें जपावें लागतें. युरोपांत एक किलो दुधांत ह्या विषाची मर्यादा ०.०५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दोन हजार कोटी भागांत एक भाग! आपल्या देशांतील मर्यादा ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्यांच्या दसपट आहे. तेव्हां वह्या चाळल्या गेल्या, खाद्य घेणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक शेतकऱ्यांचीं नांवें निघालीं, शंकास्पद गोठ्यांतील दूध तपासून होईतों थांबविलें गेलें, आणि उरलेला मका गोदामांतच अडकवून ठेवला गेला. बेल्जममध्यें ज्याला महिने लागले त्याचा निकाल येथें दिवसांत लागला. मंत्री कोणी गेले नाहींत. वर्तमानपत्रेंही लवकरच दुसऱ्या विषयांकडे वळलीं.

एवढ्यावरून ही व्यवस्था निर्दोष आहे असा समज होऊं नये. मौन जसें घातक तशी उतावीळ वाणीही घातक. सन २०११ च्या मे महिन्यांत जर्मनीच्या उत्तर भागांत एका जहाल जातीच्या ई. कोलाय जंतूमुळें रक्ताचे जुलाब व मूत्रपिंडाचा विकार होऊन माणसें इस्पितळांत येऊं लागलीं. हँबुर्ग येथील आरोग्याधिकाऱ्यांनीं २६ मे रोजीं जाहीर केलें कीं, हे जंतु स्पेनमधून आलेल्या काकड्यांवर सांपडले आहेत. लागलीच रॅसफवरून इशारा सुटला. काकड्यांवर जंतु होते ही गोष्ट खरी, पण ते दुसऱ्या जातीचे निघाले. रोग पसरविणारे ते नव्हतेच. ही चूक कळून येईपर्यंत स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल कोणी हातीं धरीना. काकड्या, टोमॅटो, लेट्यूस यांचे ढीग उकिरड्यावर गेले. पुढें युरोपीय संघानें भाजी पिकविणाऱ्यांस भरपाईदाखल २० कोटी युरोंहून अधिक रक्कम दिली. पण ज्यानें रात्रंदिवस खपून पिकविलें त्याच्या तोंडावर 'तूं विष विकतोस' असें म्हटलें गेलें, त्याची भरपाई कोणत्या नाण्यांत करावी?

मग खरा अपराधी कोण? तो सांपडला तो पुन्हां वह्यांमुळेंच. तपास करणाऱ्यांनीं रोग्यांनीं काय खाल्लें तें नुसतें विचारून भागविलें नाहीं. हॉटेलांतील पावत्या काढल्या, एकाच मेजावर जेवलेल्या मंडळींचीं छायाचित्रें पाहून कोणाच्या ताटांत काय होतें तें ताडलें. सर्व वाटा लोअर सॅक्सनी प्रांतांतील एका मळ्याशीं येऊन मिळाल्या. तेथें मोड आणलेलीं कडधान्यें विकण्याचा धंदा चाले. इतक्यांत जूनच्या अखेरीस फ्रान्समध्यें बोर्दो शहराजवळ कांहीं लोक त्याच जंतूनें आजारी पडले. त्यांचा जर्मन मळ्याशीं संबंध नव्हता. त्यांनीं ५० ग्रॅमच्या पुड्यांतील बीं आणून घरींच मोड आणले होते. दोन्ही ठिकाणच्या सांखळ्या मागें मागें नेत गेल्यावर एका जागीं त्या एकमेकींस भेटल्या. ती जागा म्हणजे सन २००९ च्या अखेरीस इजिप्त देशाहून जहाजानें निघालेली मेथीच्या बियांची १५,००० किलोंची एक खेप. त्यांतले अवघे ७५ किलो जर्मन मळ्यावर गेले होते. त्या सांथींत एकट्या जर्मनींत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले व ५३ मृत्यु पावले.

आपल्या घरीं मेथी भाजून, उकळून, फोडणींत घालून खाण्याची रीत आहे. कच्चे मोड खाण्याची फारशी नाहीं. त्या एका फरकांत किती अर्थ आहे हें आमच्या वाचक भगिनींच्या ध्यानांत येईलच. ऊब व ओल यांत बीं ठेवलें म्हणजे मोडाबरोबर जंतूंचीही भरभराट होते. उकळत्या पाण्यानें ते मरतात. मटकीची उसळ आपण शिजवूनच करतों, तें बरेंच करतों.

आतां त्या नाशिकच्या धाग्याकडे वळूं. युरोपास द्राक्षें पाठविणाऱ्या आपल्या बागाईतदारांस सन २००३ मध्यें पहिला धक्का बसला. नेदरलंड्समध्यें त्यांच्या द्राक्षांत औषधफवारणीचे अवशेष प्रमाणाबाहेर निघाले व तशी बातमी सर्व युरोपभर गेली. त्यानंतर निर्यातीच्या बागांतील नमुने तपासण्याची योजना सुरू झाली, आणि सन २००६ मध्यें अपेडा ह्या निर्यात-संस्थेनें 'ग्रेपनेट' नांवाची नोंदवही संगणकावर उघडली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची तींत नोंद होऊं लागली. नमुना बागेंतूनच घ्यावयाचा, तो तपासून झाल्यावांचून घड पेटींत भरावयाचा नाहीं. युरोपांतील दुकानांत ठेवलेल्या पेटीवरून ती महाराष्ट्रांतील कोणत्या बागेंतून निघाली हें सांगतां येऊं लागलें.

इतकें असूनही सन २०१० मध्यें दुसरा घाव बसला, आणि तो फार शिकविणारा होता. वेलीची वाढ आंवरून घड धरावे म्हणून जें क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरतात व ज्यास बागाईतदार सीसीसी म्हणतात, त्याचे अवशेष युरोपांत सांपडले. तेथील मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम एवढी अल्प होती. आपल्याकडे नमुने तपासले गेले होते, दाखले मिळाले होते. परंतु तपासावयाच्या रसायनांच्या यादींत ह्या रसायनाचें नांवच नव्हतें! ज्याची चौकशीच केली नाहीं तें सांपडणार कसें? कंटेनर परक्या बंदरांत अडकून पडले, द्राक्षें नासूं लागलीं, आणि ज्या शेतकऱ्यानें सांगितलेलें सर्व केलें होतें त्याच्याही हातीं कर्जाची चिठ्ठी आली. पुढें तें नांव यादींत आलें. मात्र मधल्या हंगामाचे दिवस कोणास परत मिळाले नाहींत.

सन २०२० च्या सप्टेंबरांत तिळाची पाळी आली. भारतांतून गेलेल्या तिळांत इथिलीन ऑक्साइड ह्या वायूचा अंश असल्याचें बेल्जमनें रॅसफवर कळविलें. विशेष हें कीं, हा वायु मालांत विष कालवावें म्हणून कोणी सोडीत नाहीं. तिळांतील साल्मोनेला जंतु मारावे म्हणून सोडतात. आधीं जंतु सांपडल्याबद्दल माल परत येई. जंतु मारले तर मारणाऱ्या औषधाबद्दल परत येऊं लागला. इकडे आड, तिकडे विहीर! युरोपांत ह्या वायूचा अन्नावर उपयोग करण्यास बंदी आहे, कारण तो कर्करोगास कारण होतो. तिळाची मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम असतां कांहीं नमुन्यांत १८६ मिलिग्रॅमपर्यंत अंश निघाला. मग ज्या ज्या पावांवर, बिस्किटांवर, वड्यांवर तो तीळ पेरला होता तें सर्व दुकानांतून काढून घ्यावें लागलें. आणि त्याच ऑक्टोबरांत युरोपनें नियम केला कीं, भारतांतून येणाऱ्या तिळाच्या दर दोन खेपांपैकीं एक बंदरावर तपासली जावी. तीळ धुऊन, पाखडून, उन्हांत नीट वाळवून जंतु कमी ठेवण्याचा मार्ग मेहनतीचा आहे, पण त्या मार्गानें कोणाचाच माल परत येत नाहीं.

रॅसफच्या बातम्यांपैकीं बराचसा भाग कोणासही वाचावयास मोकळा आहे. व्यापाऱ्यांचीं नांवें तींत झांकलेलीं असतात. मागील सहामाहींत एके दुपारीं आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं शाळेच्या संगणकावर त्या ओळी वाचल्या. तारीख, कळविणारें राष्ट्र, पदार्थ, दोष, मालाचा मूळ देश, आणि शेवटीं मालाचें काय केलें. दाणे, मिरची, तीळ अशा ओळखीच्या वस्तु दिसूं लागल्या तशीं मुलें खुर्च्या जवळ ओढूं लागलीं. शेवटच्या रकान्यांत कोठें 'नष्ट केला' असें असे, कोठें 'परत पाठविला' असें. एका मुलीनें विचारलें, "सर, परत पाठविला म्हणजे पुढें तो कोणीं खाल्ला?"

आम्हांला लगेच उत्तर देतां आलें नाहीं. कायदा काय म्हणतो तें आम्ही तिला सांगितलें. रॅसफमध्यें नोंद झालेला माल संघाबाहेरच्या देशाकडे गेला तर आयोगानें त्या देशास योग्य ती माहिती द्यावी, असें ५० व्या कलमांतच आहे. आपल्याकडेही सन २००६ चा अन्नसुरक्षेचा कायदा आहे, त्याखालीं केंद्र सरकारचें प्राधिकरण आहे, महाराष्ट्रांत अन्न व औषध प्रशासन आहे. धोक्याचा माल बाजारांतून परत घेण्याचे नियम सन २०१७ मध्यें झाले. आणि बाहेरून आलेलें जें अन्न आपल्या बंदरावर नाकारलें जातें त्याची खबर इतरांस देण्याची व्यवस्थाही सन २०२४ मध्यें सुरू झाली. हें सर्व खरें. पण तिनें विचारलें होतें तें हें नव्हतें. तिला त्या एका खेपेचें काय झालें तें हवें होतें, आणि तें रकान्यांत लिहिलेलें नव्हतें.

त्या दिवशीं घरीं येतांना आम्हांला गेल्या पावसाळ्यांतील एक गोष्ट आठवली. वाण्याकडून आणलेल्या एक किलो दाण्यांत बरेच दाणे कडू व काळसर निघाले म्हणून आम्ही ते परत नेले. वाणी भला माणूस. एक शब्द न बोलतां त्यानें पुडी परत घेतली व दुसऱ्या पोत्यांतील दाणे तोलून दिले. पहिलें पोतें कोठून आलें असें आम्ही सहज विचारलें. "मोंढ्यावरून," तो म्हणाला, "कोणाचें तें आतां कसें सांगूं?" पोत्यावर कांहीं लिहिलेलें नव्हतें. आम्ही परत केलेले दाणे त्यानें त्याच पोत्यांत ओतले, वरून माप ठेवलें, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.